दस्तगीरचाचांचा सत्कार

आज आमच्या पेठेच्या इतिहासाचा सोहळा झाला. मराठा, मुसलमान, लिंगायत, जैन अशा सगळ्यांची ही पेठ, म्हणून चार बँड एकत्र वाजणार होते.

माझ्या शेजारी दस्तगीरचाचा बसले होते. जन्मभर इथंच क्लॅरिनेट वाजवून आता ते मुलाकडं, गावाबाहेर राहतात. मांडीवर वाद्य होतं आणि ओली राहावी म्हणून त्याची फुंकायची वेताची पत्ती तोंडात धरलेली.

कार्यकर्त्यानं शाल-नारळ दिला. चाचांनी पत्ती काढून विचारलं, "मी कवा वाजवायचं?"

"चाचा, तुम्ही आज पावणं हाय. निवांत ऐका की!"

"ह्या पेठंत मी पावणा?"

तो हसून पुढं गेला. चाचांनी पत्ती पुसून डबीत ठेवली.

कुणाचा सत्कार करताना, त्याला काय हवंय हे आपण विचारतो का हो?