एका वेळी एकच पाकीट

निरोध कसा वापरायचा हे शिकवताना जी मुलगी हसेल, तिलाच आमच्या ट्यूटरबाई पुढे बोलावत आणि हातात काकडी देत. "हसून झालं? आता दाखव. इथं लाजलीस तर पाड्यावर काय बोलणार आहेस?" नव्वदच्या दशकात जव्हारला नर्सिंग शिकलेल्या आम्हा मुलींची लाज त्या काकडीनेच घालवली.

बाई भलत्या कडक. पाळी कधी चुकली हे विचारताना कोणी महिन्याचं नाव घेतलं की डाफरत, "लावणी झाली होती की नव्हती, ते विचार." पण गरोदर बाईची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का बघताना त्यांचा हात इतका हळुवार होई, की आम्हाला हेवा वाटे.

पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं महिनाभराचं पाकीट एका वेळी एकच द्यायचं, हा त्यांचा नियम. "दुसरं न्यायला ती आली पाहिजे. आली की तपासता येतं." आम्हाला तो मोठा हुशारीचा वाटे.

मोखाड्याकडच्या पाड्यावरची यमुना त्यांची लाडकी. दोन बाळंतपणांनी पार पांढरी पडलेली. तिसरं तिला एवढ्यात झेपणार नव्हतं. सासू ऑपरेशनला तयार नव्हती. बाईंनी ओट्यावर बसून सासूला निदान गोळ्यांसाठी राजी केलं. यमुना दर महिन्याला न चुकता येई. दिवाळीनंतर मात्र सगळं घर वीटभट्टीवर गेलं. यमुनाही गेली, एका पाकिटावर.

पावसाच्या तोंडावर परतली ती दिवस राहूनच. पाय सुजलेले. बाई रागावल्या, "खंड का पाडलास?"

ती ओशाळून म्हणाली, "गोल्या सरल्या, बाय. भट्टीवर कोनाला मांगू?"

बाईंनी तिची खालची पापणी ओढून बघितली.

भात निसवत, लोंब्या धरत असताना यमुना बाळंत झाली. रक्त थांबेना. दवाखान्यात नेताना जीपमध्येच ती गेली, बाळही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एरवी उभ्याने शिकवणाऱ्या बाई खुर्चीत बसल्या. "भट्टीवर जाणारीला परत येईपर्यंतची सगळी पाकिटं द्यायची. माझा नियम चुकला, पोरींनो." आणि त्या आमच्यासमोर रडल्या. एवढ्या कडक बाईला जवळ कसं घ्यायचं, हे आम्हाला कळत नव्हतं. आम्हीही जागच्या जागी रडत राहिलो.

पुढे त्यांची बदली झाली. मी स्टँडवर पोचवायला गेले. एसटीच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "त्या पाड्यावर जातेस ना? यमुनेची धाकटी आईला शोधते का गं?"

"शोधते," मी म्हणाले.

बाईंनी पदर तोंडाला लावला. गाडी सुटली. त्यानंतर आमची गाठ पडली नाही.