जिन्याखालची दोन पोती

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळत आलो. बायकोला निम्मी ठाऊक आहे. उरलेली निम्मी तिने ओळखली असावी, पण तिने विचारलं नाही आणि मीही विषय निघू दिला नाही. खरं तर आमच्या सोसायटीत हा विषय वरचेवर निघतो. कोणाकडे पाहुणे आले की आमचे खजिनदार पायजमा गुडघ्याच्या वर सरकवून गोचीड चावला होता ती जागा दाखवतात. तिथे आता काहीही दिसत नाही, तरी दाखवतात. सगळे हसतात, मीही हसतो. त्या हसण्याचाच आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं क्वालिटीत होतो. तयार माल तपासायचा, आणि दोष निघाला की तो कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, कोणाच्या हातून झाला हे मागे मागे जात शोधून काढायचं, असं ते काम. निवृत्त झाल्यावर शोधायला काही उरलं नाही, म्हणून मी गच्चीवर द्राक्षाचा वेल लावला. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये. "नाशकात राहून द्राक्षं विकत आणायची?" असं मी सगळ्यांना ऐकवायचो. बायको म्हणायची, "चार वर्षं झाली, विकतच आणतोय."

चौथ्या वर्षी मी मनावर घेतलं. एप्रिलची छाटणी झाली की वेलीला भरपूर खत लागतं, आणि लेंडीखतासारखं खत नाही. घोटीजवळ माझ्या पुतण्याची शेती आहे. त्याने त्या उन्हाळ्यात रानात मेंढ्या बसवल्या होत्या. आमच्याकडे ही जुनी पद्धत आहे: मेंढपाळाला बोलवायचं, त्याचा कळप चार-आठ दिवस शेतात मुक्कामाला ठेवायचा, म्हणजे लेंड्या आणि मुतानं जमीन आपोआप खतावते. मी गेलो तेव्हा कळप नुकताच उठत होता. मी दोन पोती घेऊन खाली बसलो आणि लेंड्या भरायला लागलो. मेंढपाळ काठीवर रेलून बघत होता.

"बाबा, लय ताजं हाय हे," तो म्हणाला. "आठ-धा दिस कडक उन्हात पसरा, मंग भरा. गोचीड असतो ह्याच्यात."

"मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे," मी म्हणालो. "मला माहितीये."

"माहितीये तर मंग भरताय कशाला?"

पुतण्या तोंड फिरवून हसला. मी रागाने दोन्ही पोती काठोकाठ भरली आणि त्याच्या पिकअपमधून घरी आणली.

आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे तेव्हाही कुरकुरत होते. म्हणून पोती जिन्याखाली ठेवली. रोज एक बादली भरून वर न्यायची असा बेत होता. चार दिवस नेली. मग ऊन वाढलं, गुडघा दुखला, आणि पोती तिथेच राहिली.

जिन्याला लागून तळमजल्यावर बाईंचं घर होतं. त्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. अख्खी कॉलनी त्यांना बाईच म्हणायची. त्यांच्या दारात एक काळा-पांढरा कुत्रा होता. रस्त्यावरचा, पण तीन वर्षांत बाईंचाच झालेला. त्याला नाव नव्हतं. बाई त्याला 'अहो' म्हणायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ओळख नसताना कोणाला अरे-तुरे करायची मला सवय नाही. आणि एकदा अहो म्हटल्यावर मध्येच अरे कसं म्हणायचं?" त्यामुळे संध्याकाळी त्यांनी दारातून "अहो, जेवायला या!" अशी हाक मारली की पार्किंगमध्ये गप्पा मारणारे आम्ही तिघे-चौघे दचकून वर बघायचो. आमच्या बायका याला फार हसायच्या.

मे महिन्यात बाईंच्या दाराच्या चौकटीवर पहिला गोचीड दिसला. मग जिन्याच्या कठड्यावर, मग पहिल्या मजल्यावरच्या चपलांच्या स्टँडमध्ये. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आले. कोणाच्या तरी परदेशातल्या मुलाने लांबलचक मेसेज पाठवला: तिकडे गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार पसरतो, पूर्वी तो जंगलात होता, आता मोठ्या शहरांतल्या बागांमध्येही गोचीड सापडतात. लगेच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "मग लिंबू सरबत चालेल का?" त्यावर दोन दिवस चर्चा चालली.

मग खजिनदारांना ताप भरला. अंगावर बारीक लाल पुरळ आलं. डॉक्टरांनी सगळं अंग तपासलं आणि गुडघ्याच्या मागे चिकटलेला गोचीड काढला. "हा तो परदेशी आजार नाही," ते म्हणाले, "आपल्याकडचा गोचीड ताप आहे. गोळ्या घ्या, बरे व्हाल." पाच-सहा दिवसांत ते बरे झालेही. पण त्या पाच-सहा दिवसांत त्यांनी मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं, कपाटाच्या किल्ल्या बायकोच्या हाती दिल्या आणि मला उशाशी बसवून सांगितलं, "शोधून काढा. तुम्ही क्वालिटीवाले. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

मी शोधलं. खोटं कशाला सांगू, मला मजाच वाटत होती. कितीतरी दिवसांनी माझ्या हातात भिंग आलं होतं. जिथे जिथे गोचीड सापडला तिथे मी खडूने भिंतीवर फुली मारली. वरच्या मजल्यावर फुल्या दोन, मधल्या मजल्यावर पाच, खाली दाट. आणि सगळ्यात दाट बाईंच्या दारापाशी नव्हत्या, जिन्याखाली होत्या. मी वाकून पोत्याचं तोंड उघडलं. शिवणीत तीन-चार जण बसले होते. भिंगाखाली त्यांच्या पायांवर पांढरट पट्टे दिसले. मग मी बाईंकडे गेलो आणि कुत्र्याचे कान तपासले. दोन गोचीड निघाले, बारके, तपकिरी. पायांवर पट्टा नाही. खजिनदारांच्या बायकोने नवऱ्याचा गोचीड पुरावा म्हणून औषधाच्या बाटलीत जपून ठेवला होता, तो पाहिला. पट्टे होते.

कारखान्यात एवढ्या पुराव्यावर मी कोणाचंही मशीन बंद पाडलं असतं.

बाई दारात उभ्या होत्या. "काय निघालं हो? आमच्या अहोंचा काही दोष?"

"बघतोय अजून," मी म्हणालो.

त्या दुपारी इमारत झोपलेली असताना मी दोन्ही पोती ओढत ओढत गच्चीवर नेली. गुडघा दुखतोय हे त्या दिवशी जाणवलं नाही. खत पत्र्यावर पातळ पसरलं, पोती रॉकेल ओतून जाळली. बायको वर आली, धूर बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि "चहा टाकते" म्हणून खाली गेली.

रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. खुर्च्या मांडल्या होत्या. बाई शेवटच्या रांगेत, आणि कुत्रा त्यांच्या खुर्चीखाली.

"बोला साहेब," खजिनदार म्हणाले. "कुठून आले?"

मी उभा राहिलो. दोन वाक्यांचं काम होतं. माझ्या पोत्यातून आले, माफ करा. बस. लोक चार दिवस हसले असते, मला 'गोचीडवाले' म्हणाले असते, आणि झालं असतं. पण तीस वर्षं मी लोकांच्या चुका दाखवत आलो होतो, स्वतःची दाखवायची वेळ कधी आली नव्हती. मी घसा खाकरला.

"मला कुत्र्याच्या कानात दोन गोचीड सापडले," मी म्हणालो.

हे खरंच होतं. फक्त पुढचं मी बोललो नाही.

"झालं! मिटलं!" खजिनदारांनी टाळी वाजवली. "बाई, राग मानू नका, पण त्याला हलवावं लागेल."

बाईंनी वाद घातला नाही. शांतपणे विचारलं, "तुम्ही नीट तपासलंत ना?"

माझ्याकडे बघून विचारलं. मी मान हलवली. "मग काय बोलणार," त्या म्हणाल्या. "तुमचं तपासणं पक्कं असतं."

कोणीतरी पालिकेच्या गाडीला फोन करायचं म्हणालं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हणालो, "गाडी नको. मी घोटीला पुतण्याकडे नेऊन सोडतो. मोकळं रान आहे." टाळ्या पडल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "उपकार झाले," त्या म्हणाल्या.

कुत्रा गेला आणि पंधरा दिवसांत गोचीडही गेले. जाणारच, पोती जळली होती आणि औषधवाल्याने जिना फवारून काढला होता. पण सोसायटीत एकच वाक्य: "बघा, कुत्रं गेलं आणि गोचीड गेले."

घोटीला कुत्रा मजेत होता. पुतण्याच्या बायकोने पहिल्याच आठवड्यात फोनवर तक्रार केली: "काका, दुसरी हाक मारली तर हलत नाही. 'अहो' म्हटलं तरच येतो. आता मी अहो म्हटलं की दोघं येतात, आणि कुत्रा आधी पोचतो." मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की भिंतीला टेकल्या. मग पदराने डोळे पुसत घरात गेल्या. संध्याकाळी दार उघडून हाक मारायच्या वेळेला त्या आता दार लावून घ्यायच्या, हे मला जाता-येता दिसायचं.

पुढच्या फेब्रुवारीत माझ्या वेलीला पहिल्यांदा द्राक्षं आली. तेवीस घड. उन्हात पसरलेलं खत कामी आलं होतं. मी एक मोठा घड ताटलीत घालून बाईंकडे गेलो. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. त्यांनी दोन मणी तोंडात टाकले.

"वा! काय गोडी आहे. घातलंत तरी काय याला?"

याहून सोपं कोणी कसं विचारावं?

"लेंडीखत," मी म्हणालो.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या, आणि ताटली धुऊन त्यात दोन बेसनाचे लाडू घालून परत दिली.

त्या उन्हाळ्यात त्या ओझरला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. "एकटीला करमत नाही आता," एवढंच म्हणाल्या. सामान टेम्पोत चढवायला मी होतो. तेव्हाही बोललो नाही.

वर्षभराने मी बस पकडून ओझरला गेलो. सगळं रस्त्यात पाठ केलं. वाक्यं चांगली जमली होती. शेजारच्या माणसाने दोनदा वळून पाहिलं, म्हणजे बहुधा मोठ्याने म्हणत होतो. बाईंच्या बहिणीने दार उघडलं आणि मी नाव सांगायच्या आत आतून आवाज आला, "अगं, तेच ते! मी सांगत नव्हते का? एवढ्या सोसायटीत एकटा माणूस माझ्या बाजूने उभा राहिला, ते हे."

मग काय. मला पाटावर बसवलं. गरम थालीपीठ, लोणी, वर ताक. बहिणीच्या नवऱ्यालाही तीच गोष्ट पुन्हा सांगितली, शेजारीण आली तिलाही सांगितली. प्रत्येक वेळी माझा मोठेपणा थोडा वाढत गेला. तिसऱ्या वेळी तर मी कुत्र्यासाठी सगळ्या मीटिंगशी भांडलो होतो. मी चार थालीपिठं खाल्ली. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

निघताना बाई फाटकापर्यंत आल्या. "मी त्यांना भेटून आले हं घोटीला," त्या म्हणाल्या. "जाड झालेत. मला ओळखलं, पण दहा मिनिटांत शेळीमागे पळाले." आणि पुन्हा तशाच हसल्या. मी म्हणालो, "बाई, मला एक सांगायचं होतं." त्या थांबल्या. तेवढ्यात बस दिसली आणि त्याच म्हणाल्या, "जा जा, ही चुकली तर पुढची तासाने आहे. पुढच्या खेपेला सांगा."

मी धावत बस पकडली. पुढची तासाने होती, हे मलाही ऐकू आलं होतं.

यंदाच्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेत, त्रास न होता, असं बहिणीने फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुमचं नाव फार घ्यायची." सोसायटीत शोकसभा झाली. खजिनदार भावूक होऊन म्हणाले, "बाईंनी सोसायटीच्या आरोग्यासाठी जिवाभावाचा सोबती दिला." तेव्हा मी उठलो, बोलायलाच उठलो होतो, आणि सगळ्यांनी आदराने माझ्याकडे पाहिलं. मी दोन शब्द चांगले बोललो आणि बसलो.

आता हे छापून आलं तर सोसायटीत वाचतील. खजिनदारांनी खुशाल मला हवं ते म्हणावं, त्यांचा तो हक्क आहे. पण ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यासाठी बसमध्ये पाठ केलेली वाक्यं मला अजून तशीच येतात: बाई, ते गोचीड तुमच्याकडचे नव्हते. माझ्या पोत्यातून आले होते, आणि मीटिंगला उभा राहिलो तेव्हा मला ते पक्कं माहीत होतं. तुम्ही विचारलंत, नीट तपासलंत ना, आणि मी मान हलवली. मी तपासलं होतं, बाई. सांगितलं नाही. मला माफ करा.