सूट, बूट आणि बदकाचे पाय

मे महिन्यातल्या एका दुपारी बारा वाजता मी पाणबुड्याचा संपूर्ण पोशाख घालून गोंदियाजवळच्या फुलचूरच्या आमच्या घरातून बाहेर पडलो. गोंदियाहून समुद्र कुठल्याही दिशेला फार लांब आहे, याची मला कल्पना होती.

सुरुवात आमच्या ऋतुजाने केली. ती नोकरीला गोव्यात असते आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या तळाशी जाऊन येते. (आमच्या वेळी मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जायची.) तिने फोनवर जाहीर केलं, "आई-बाबा, या सुट्टीत मालवणला यायचं. तिघं मिळून स्कुबा करू."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वंदना बोलली. वंदना म्हणजे माझी बायको. तिचं माहेर बिरसीजवळच्या खेड्यातलं. लहानपणी ती गावच्या तलावात या काठावरून त्या काठाला पोहत जायची म्हणे. पुढे माझ्याशी लग्न झालं आणि नळाचं पाणी नशिबी आलं.

"सत्तावीस वर्षं बादलीतच अंघोळ करून राहिली ना जी मी," ती म्हणाली. "मले समुद्र आतून पाहाचा आहे."

यावर कोण नाही म्हणणार? पण मला पोहता येत नाही. मी शाळेत गणित शिकवतो. तेव्हा सुटकेची एक सभ्य वाट काढली. म्हटलं, "मी येईन, पण दहा जणांनी घातलेला भाड्याचा सूट अंगाला लावणार नाही. स्वतःचा असेल तरच!" विषय संपला असं मला वाटलं.

"माप पाठवा, बाबा," ऋतुजा म्हणाली.

वंदनाने टेप काढला. मी ताठ उभा राहिलो.

"श्वास काऊन रोखून राहिले?"

"मी नेहमी असाच उभा असतो."

"तोंड लाल होऊन राहिलं तुमचं!"

पण माप तेच गेलं. पायाचा नंबर विचारला तेव्हा मी नऊ सांगितला. बुटाचाही नऊ, त्या बदकाच्या पायासारख्या लांबलचक फिन्सचाही नऊच. पाय एकच, तर नंबर दोन कसे असतील? (गणित!)

तीन पार्सलं आली. जाडजूड काळा रबरी सूट आम्ही दिवाणावर पसरला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण कुणीतरी झोपलंय असं वाटलं. वंदना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"एकदा घालून पाहून घ्या," ती म्हणाली.

पाय गुडघ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागली. कूलर पूर्ण वेगात होता, तरी घामाने माझी आंघोळ झाली. वंदना समोरून ओढत होती, मी मागे पडत होतो. अशा अवस्थेत माझा मेहुणा घनश्याम आंब्यांची थैली घेऊन दारात उभा राहिला. घनश्याम म्हणजे वंदनाचा धाकटा भाऊ. धानाची शेती करतो आणि कशानेही दचकत नाही.

"भाऊजी, घालून राहिले का काढून राहिले?"

"घालून राहिलो."

"काऊन?"

मी त्याला मालवणची सगळी हकिगत सांगितली. त्याला ती पटली नाही.

पण माणूस कामाचा. त्याने आंबे ओतले, रिकामी प्लास्टिकची पन्नी माझ्या पायात चढवली आणि वरून सूट ओढला. सर्रकन पाय आत! दुसरा पाय, मग दोन्ही हात. पाठीवरच्या चेनसाठी त्याने माझ्या कमरेवर गुडघा रोवला. "श्वास रोखा, भाऊजी!" चेन लागली.

आता बूट. सुटावरून बूट चढेना. म्हणून सुटाचे पाय दुमडून वर केले, बूट घातले आणि पाय पुन्हा त्यांच्यावरून खाली ओढले. पाय खाली आले तसे खांदेही खाली आले, आणि मी कंसासारखा वाकलो. राहिले फिन्स. ते मोजले होते उघड्या पायासाठी, आणि आता पायावर जाड रबरी बूट! घनश्यामने साबण चोळला आणि दणका दिला. फच्च!

बसलं. सूट, बूट, फिन्स, तिन्ही एकमेकांना घट्ट बसले. फक्त आत मला जागा नव्हती.

"मस्त दिसून राहिले," वंदना म्हणाली.

"काढा," मी म्हणालो.

घनश्यामने चेनची लांब पट्टी ओढली. पट्टी त्याच्या हातात आली, चेन जागची हलली नाही. फिन्सही निघेनात. आणि त्याच क्षणी लाईट गेली! कूलर थांबला. रबराच्या आत मी शिजायला लागलो.

"कैची आणा!" मी ओरडलो.

"कैची? पोरीनं इतक्या हौसेनं पाठवलं अन् कैची?"

बाथरूममध्ये जाऊन भिजावं म्हटलं, तर फिन्ससकट मी दारातून वळेना. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा वंदनाचा चेहरा उतरला.

"याले बादलीभर नाही, डुबाले पानी पायजे," घनश्याम म्हणाला. "भिजलं का ढिलं होते. चला आमच्या गावच्या तलावावर."

त्याच्या मोटारसायकलवर तो पुढे, मध्ये मी, मागे वंदना. माझे फिन्स दोन्ही बाजूंना असे पसरले होते की समोरून येणारा सायकलवाला रस्ता सोडून उतरला. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, "क्या मास्टरजी, बाढ़ आनेवाली है क्या?" मी मान फिरवली नाही. फिरतच नव्हती.

तलावाच्या काठी एक म्हातारा बैल धूत होता. डोक्यावर बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघरत गिरक्या घेत होतं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कोन गा हा? हवाई जहाजातून पडला का?"

"नाही बा. आमचे भाऊजी होत. मास्तर आहेत."

"मास्तर कायले पडला?"

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. उलट्या पावलांनी पाण्यात शिरलो. (फिन्स घालून सरळ चालता येत नाही, हे आम्हाला अंगणातच कळलं होतं.) छातीपर्यंत गेलो. आहाहा! आणि तेवढ्यात कुणीतरी खालून पाय उचलावेत तसे माझे पाय वर आले. ते रबर तरंगतं, हे गणिताच्या मास्तराला कोण सांगणार? फिन्स आभाळात, डोकं पाण्यात. नाकात चिखल, कानात बुडबुड. खरं सांगतो, त्या क्षणी विनोद संपला होता. मी घाबरलो होतो.

तेवढ्यात मानेखाली एक हात आला. वंदना साडी खोचून आत आली होती. तिने मला उलटवून पाठीवर टाकलं.

"हातपाय मारू नका. गप पडून राहा!"

मी गप पडून राहिलो. मानेतून गार पाणी सुटात शिरलं, सगळं ढिलं झालं. घनश्यामने चेन उघडली, फिन्स उपटले आणि शेंगेतून दाणा निघावा तसा मी हाफ पँटवर बाहेर आलो. म्हाताऱ्याने बैलालाही माझ्याकडे वळवलं.

वंदना मात्र बाहेर आली नाही. ती वळली आणि पोहायला लागली. घाई नाही, धाप नाही. मधोमध गेली, पलीकडच्या काठाला हात लावला आणि परत फिरली. मी चिखलात बसून बघत होतो. सत्तावीस वर्षांत हे मी एकदाही पाहिलं नव्हतं, कारण एकदाही विचारलं नव्हतं.

"बाई अजून तशीच पोहते," घनश्याम बहिणीकडे बघत हळूच म्हणाला.

ती काठावर आली, पदर पिळला आणि म्हणाली, "मी तं जातो मालवणले. तुमी?"

"येतो," मी म्हणालो. "पण कोरडा."

मालवणला भाड्याचा सूट तिला पाच मिनिटांत बसला. त्यावर बूट, त्यावर फिन्स, कुठे सुरकुतीसुद्धा नाही! ऋतुजाबरोबर ती होडीतून गेली आणि मी वाळूत छत्रीखाली दोघींच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलो. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि तोंड बंद होत नव्हतं. निळे मासे, पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे!

"अन् एक जाडा मासा होता जी. सारे इकडून तिकडं फिरून राहिले, हा दगडाले टेकून बसला. हलेच ना. मले तुमची आठवन आली."

मी जरा सावरून बसलो. "दिसायला कसा होता?"

"चांगला होता," ती केस पुसत म्हणाली. "काही बोलत नव्हता."

मी पुढे काहीच बोललो नाही. म्हटलं, माशापेक्षा कमी तरी पडायला नको.