पोस्टकार्डाच्या मागोमाग मयूर विहार

१० जानेवारी १९९४. पुणे स्टेशन. काम होतं दिल्लीकडच्या आठ घरांची माहिती गोळा करण्याचं. सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत (घराण्याच्या पिढ्यांची नोंद असलेलं पुस्तक) नव्याने छापायचा होता, आणि उत्तरेचं बाड माझ्याकडे आलं होतं. आठही घरांना मी आधीच्या बुधवारी पोस्टकार्डं टाकली होती. सातांवर फक्त येण्याचा दिवस होता. आठव्यावर मी लिहिलं होतं, ‘आपला विवाह घटस्फोटाने संपला की न्यायालयाने रद्द ठरवला ते सांगावे. कन्येची नोंद त्यावर अवलंबून आहे.’

हे कार्ड सुनंदाला होतं. तिचं लग्न माझ्या एका चुलत दिरांशी झालं होतं. ते दीर आता हयात नाहीत. कार्ड टाकल्यावर दोन दिवसांनी अण्णा, म्हणजे घराण्यातले सगळ्यांत वडील, घरी आले.

“रद्दच झालंय ते,” अण्णा म्हणाले. “त्याची पहिली बायको इंदूरला होती. सुनंदाला आणि तिच्या वडिलांना पत्ताच नव्हता. पण तिनं मुलीला घटस्फोटच सांगितलाय. तू कार्डावर काही लिहिलं नाहीस ना?”

मी पत्त्यांची वही काढली.

सुनंदाकडे फोन नव्हता. तार करावी, तर ती मुलीच्याच हातात पडायची. आरक्षण आधीच केलेलं होतं. आता कार्ड आधी पोहोचतं की मी, एवढाच प्रश्न होता, आणि कार्ड पाच दिवस पुढे होतं.

गाडीत मी नियमावली पुन्हा वाचली. घटस्फोटित पत्नीची नोंद ठेवावी, रद्द विवाहाची करू नये. घटस्फोट म्हणजे लग्न झालं आणि अमुक तारखेला संपलं. रद्द म्हणजे न्यायालयाच्या लेखी ते झालंच नाही. जुनी प्रकरणं शोधताना हा फरक फार उपयोगी पडतो. घटस्फोटाचं कारण लग्नानंतरच्या वर्षांत सापडतं, रद्द होण्याचं बहुतेक लग्नाच्या दिवशीच हजर असतं. इतकं नीट लिहून ठेवल्याचं मला नेहमी समाधान वाटे. त्या दिवशी मी कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी सारला. मथुरेला पेढे घेतले. पुडा उघडलाच नाही.

धुक्यामुळे गाडी दुसऱ्या दिवशी दिल्लीला उशिरा लागली. संध्याकाळचे पाच वाजले होते. रिक्षावाल्याने मयूर विहारचा पत्ता ऐकून मान हलवली.

“जमनापार (यमुनेपलीकडे)? वापसी में सवारी नहीं मिलती, बहनजी.”

“वापसी का आप देखो, भैया. मुझे जल्दी है.”

पूल ओलांडला की शहर संपल्यासारखं वाटतं आणि लगेच दुसरं सुरू होतं. अर्धवट बांधलेल्या सोसायट्या, विटांचे ढीग, पाण्याचा टँकर, परदेशी टीव्हीच्या नव्या कोऱ्या जाहिराती. धुक्यात सगळ्या इमारती सारख्याच दिसत होत्या.

सुनंदाच्या जिन्याखाली टपालपेट्या ओळीने लावलेल्या होत्या. मी तिच्या पेटीच्या फटीतून बोट आत घातलं. काही लागलं नाही. म्हणजे कार्ड आलं नव्हतं, किंवा कोणीतरी नेलं होतं.

“किसका डिब्बा टटोल रही हैं, मैडम?” मागून चौकीदार म्हणाला. मी दचकून वर पळाले.

सुनंदा नुकतीच ऑफिसातून आली होती. स्वेटर घालून मटार सोलत होती. मी नाव सांगितलं तशी म्हणाली, “अहो, कळवायचं तरी!”

म्हणजे कार्ड तिला मिळालेलं नव्हतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“पोस्टकार्डावर?”

“हो.”

“पुण्यात बंद इनलँड मिळत नाही?”

“मिळतं. मला सुचलं नाही.”

“घटस्फोट म्हटलं की लोक एक सुस्कारा टाकतात आणि गप्प बसतात,” ती हळू म्हणाली. “लग्नच नव्हतं म्हटलं, की पोरीकडे बघतात. बावीस वर्षं मी ते बघणं टाळलंय.”

“टपाल कोण काढतं?”

“केतकी. किल्ली तिच्याकडेच असते.”

त्यानंतर आम्ही दोघी मटार सोलत बसलो. जिन्यात पाऊल वाजलं की दोघींचे हात थांबायचे. तीन पावलं दुसऱ्यांच्या दारात गेली. चौथं आमच्या.

“अच्छा, पुण्याच्या काकू!” केतकीने माझ्याकडे पाहिलं. ती नोएडातल्या एका कंपनीत कामाला होती. “तुमचं अक्षर बिल्कुल छापल्यासारखं आहे.”

तिने पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मधोमध घडी पडली होती.

“शनिवारी आलं. आई, तुला दाखवायची भीती वाटली. तू रडली असतीस, यार.”

सुनंदा रडली नाही. तिने फक्त मटाराची परात बाजूला सरकवली.

“ऑफिसच्या वकील मॅडमना विचारलं मी,” केतकी म्हणाली. “लग्न रद्द झालं तरी मूल कायदेशीरच असतं. बरोबर ना, काकू?”

“बरोबर.”

“मग माझी नोंद कशावर अवलंबून आहे?”

“आमच्या नियमावर.”

“कोणी केला तो?”

“मी.”

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या आईने बावीस वर्षं टाळलेलं ते बघणं आता माझ्या वाट्याला आलं होतं.

“आधी जेवून घ्या,” सुनंदा म्हणाली.

मटारभात समोर आला. झोपायला पांघरूण देताना सुनंदा दारात थांबली. “तिचं लिहा. माझं राहू दे.”

“आईशिवाय मी कुठून आले?” आतून केतकीचा आवाज आला.

सुनंदाने पांघरूण माझ्या हातात दिलं. “बरं, लिहा. पण घटस्फोट लिहू नका. ते खोटं मी पुष्कळ वापरलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियमावलीतली ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. मग फॉर्म भरला. दिरांच्या नावाखाली आधी इंदूरच्या बाईंचं नाव, त्याखाली सुनंदा, माहेरच्या आडनावासह, ‘विवाह न्यायालयाने रद्द ठरवला’, आणि त्याखाली, शंकेच्या नोंदींना घालतो तो कंस न घालता, कन्या केतकी. दोघींना वाचून दाखवला. केतकीने स्वतःची जन्मतारीख स्वतःच्या हाताने लिहिली. मग मी कोपऱ्यावरच्या पोस्टात गेले, फॉर्म लिफाफ्यात घातला, डिंक लावला, आणि तो पक्का वाळेपर्यंत दाबून धरून मगच खिडकीत दिला.