धुक्याची जागा

बाबारावांनी महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओचे पाठीमागचे पडदे हयातभर रंगवले. सरोवर, राजहंस, संगमरवरी कठडा. बोटभर जागा कोरी दिसली की मालक विचारी, "रंग संपला का गा?" पुढे स्टुडिओ बंद झाला; पण कोऱ्या जागेसमोर बाबारावांचा हात शिवशिवायचा काही थांबला नाही.

पत्नी देवकी यांनी उतारवयात शेजारच्या रीनाकडे चिनी शाईचित्रे शिकायला सुरुवात केली होती. घरी त्या चित्रे दाखवीत नसत. हिवाळ्यात, अल्पशा आजाराने, त्या गेल्या. तेरवी आटोपून मुलगा अंकित पुण्याला परतला, आणि कपाट आवरताना बाबारावांच्या हाती एक चित्र आले. तळाशी डोंगराचा पायथा, चिमुकली झोपडी, कडेला तांबडा शिक्का. वरचा सारा कागद पांढरा. बिचारीचे अर्ध्यावरच राहिले, असे त्यांना वाटले. तिच्यासाठी करण्याजोगे एवढेच आता उरले होते. त्यांनी तिचीच शाई उगाळली आणि पडद्यांवर काढीत तशी पाखरांची रांग त्या पांढऱ्यात काढली.

देवकींचे वर्गात राहिलेले कुंचले द्यायला रीना आली, तेव्हा त्यांनी मोठ्या हौसेने चित्र पुढे केले.

"अर्धं राहिलं होतं तिचं. म्या पुरं केलं."

रीनाने पाखरांमागच्या पांढऱ्यावर बोट ठेवले. मग म्हणाली, "काकाजी, ते धुकं होतं."

"धुकं? मंग काढलं काहून नाही?"

"काढत नाहीत. कागद कोरा सोडला की तेच धुकं. अन् हा शिक्का पाहा. चित्र पूर्ण झाल्यावरच मारतात. काकूंनी दिवाळीतच मारला होता."

"मले नाही दाखवलं."

"मी म्हटलं होतं, दाखवा. तर हसल्या. म्हणे, ते पाहतील का भरतील?"

बाबारावही हसले, पण ते हसू उतरायचे विसरून तसेच चेहऱ्यावर राहिले.

"पाखरं पुसता येतील का वं?"

"नाही, काकाजी. ही शाई कागदात मुरते."

ती गेल्यावर त्यांनी चित्र खिडकीपाशी टेकवले. नजर पुन्हा पुन्हा पाखरांवरच जाऊन बसे. शेवटी त्यांनी तळहात आडवा धरून ती रांग झाकली. तेव्हा उरलेल्या पांढऱ्यात डोंगर हळूहळू वर चढू लागला. शिखर मात्र दिसेना. देवकीला ते कुठे दिसत असेल? एवढे तरी तिला विचारायला हवे होते. हात भरून आला, तेव्हा त्यांनी दुसरा हात लावला.