फ्लेक्सवरची पाचवी

"मॅडम, माझं प्रॅक्टिकल कॅन्सल झालं," एवढंच मोहिनी फोनवर बोलली आणि रडायला लागली.

छाया तिडके मॅडम कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टावर उभ्या होत्या, हातात खराटा. शिपाई रजेवर होता आणि उद्या सकाळी याच कोर्टावर विद्यापीठाची फायनल होती.

"रडू नको. नीट सांग."

"पप्पांनी फ्लेक्स पाहिला. घराबाहेर पाय टाकला तर तंगडं तोडीन म्हणाले. मॅडम, मी काय—"

फोन कोणीतरी ओढून घेतला. मग नुसतं टूंऽ टूंऽ.

मॅडम तिथेच खाली सिमेंटवर बसल्या. संघाच्या बारा पोरींपैकी तिघींची लग्नं झाली होती, चौघी हॉस्टेलवर कांजिण्यांनी सुजून पडल्या होत्या. उरल्या पाच. पाचवी मोहिनी. विद्यापीठाकडे गेलेल्या यादीत नवीन नाव घुसवता येत नाही, आणि बास्केटबॉलचा नियम असा की सुरुवातीला पाच जणी उभ्या पाहिजेतच. नंतर फाउल होऊन बाहेर जा, लंगडत बाहेर जा, दोघी उरल्या तरी खेळ चालतो. मॅडम पोरींकडून पहिल्याच दिवशी हे पाठ करून घ्यायच्या. पोरी त्यांच्या मागे त्यांच्याच घोगऱ्या आवाजात, एक भुवई वर करून म्हणायच्या, "सुरू करायला पाच लागतात गं, संपवायला दोन पुरतात."

आज कोणी नक्कल केली असती तर मॅडमनी तिला खराट्यानेच हाणलं असतं.

आता हे प्रॅक्टिकल काय, ते सांगायला हवं. मोहिनी बीए मराठी. तिला कसलं प्रॅक्टिकल? पण ही थाप संघाइतकीच जुनी. छाया मॅडम स्वतः मखमलाबादच्या मळ्यातल्या. वडील सावळीराम फुलबाजारात झेंडू विकायचे आणि पोरीने पहाटे उठून हार ओवावेत अशी घरची रीत होती. कॉलेजात गेल्यावर छायाने हार ओवायचे सोडून कोर्ट गाठलं. घरी सांगितलं, प्रॅक्टिकल असतं. पुढे त्याच कॉलेजात त्या खेळाच्या शिक्षिका झाल्या, तासिका तत्त्वावर, आणि पंचवीस वर्षं झाली तरी तासिका तत्त्वावरच. पहिला संघ उभा केला तेव्हा चेंडू एकच, तोही पंक्चरवाल्याकडून दोनदा जोडलेला. रिंगला जाळी नव्हती. चेंडू आत गेला की बाहेरून गेला यावर पोरी एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या. सुरगाण्याच्या, पेठच्या, येवल्याच्या पोरी. कोणाच्या पायात बूट नाहीत, कोणाला ओढणी सोडवत नाही. घरी सगळ्यांची एकच थाप.

त्या थापेवर करंडक आले. प्राचार्यांच्या केबिनमधलं कपाट भरलं, मग कपाटावर ठेवायला लागले, मग झेरॉक्सच्या खोलीत. त्या पोरींतल्या कोणी पोलिसात गेल्या, कोणी शाळेत शिकवायला लागल्या, एक तर रेल्वेकडून खेळते. नाशिकमध्ये कुठल्याही नाक्यावर मॅडमची स्कूटी अडवली की हवालदारीण सॅल्यूट मारून विचारते, "मॅडम, आज प्रॅक्टिकल नाही का?"

आणि या पंचवीस वर्षांत मॅडमनी एक पथ्य पाळलं होतं. फोटो बाहेर द्यायचा नाही. पेपरात नाही, स्टेटसला नाही.

ते त्यांनी गेल्या आठवड्यात मोडलं. स्वतः, स्वतःच्या अंगठ्याने.

मोहिनीचं गाव देवळ्याकडचं. तिथला नवा सरपंच रावजी याचा फोन आला होता. "मॅडम, आमच्या गावची कन्या फायनलला गेली, गावाने सन्मान करायला नको का?" मॅडमना वाटलं, एकदा पोरगी फ्लेक्सवर चढली की तिला लग्नासाठी कोण खाली ओढतंय? बाप उलट मिशीला पीळ भरत फिरेल. त्यांनी फोटो पाठवला.

त्या उठल्या आणि प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांचं प्रत्येक वाक्य 'असं आहे' वर सुरू होतं आणि कुठेच संपत नाही.

"असं आहे, तिडके मॅडम, संस्थेला त्या कोर्टाच्या जागेवर बीबीएची इमारत हवीय. अध्यक्षांना मी म्हटलं, संघ जिंकतोय. ते म्हणाले, जिंकतोय तोवर राहू द्या. आता असं आहे, उद्या वॉकओव्हर गेला, म्हणजे घरच्या मैदानावर आपल्याकडे पाच मुलीसुद्धा नाहीत असं झालं, तर मी कुठल्या तोंडाने... असं आहे ना."

"हरलो तर?"

"हरलात तर हरलात. खेळ आहे. पण उभंच राहिलं नाही, तर संघच नाही ना. असं आहे."

मॅडमनी मोहिनीच्या गावावरून जाणारी सटाण्याची एसटी पकडली.

चांदवडपर्यंत त्या मनातल्या मनात भाषण पाठ करत होत्या. फोटोत मोहिनी खेळाच्या चड्डीत होती, बाप त्यावरच बिथरला असणार, म्हणून चड्डीवरचं भाषण. की तो गणवेश आहे, की पी. टी. करणाऱ्या पोलिसांच्या अंगावरही असतो, की हवं तर मोहिनी खाली लांब पँट घालेल. शेजारची बाई शेवटी म्हणाली, "ताई, चड्डी चड्डी काय करताय मगापासून? बरं वाटत नाय का?"

गावाच्या स्टँडवर उतरल्या आणि समोरच फ्लेक्स.

रावजी हात जोडून उभा, खोलीएवढा. डोळ्यांवर काळा चष्मा, दाढी शेतासारखी आखलेली. त्याच्याखाली गोल गोल चौकटीत त्याच्या पॅनलचे सगळे निवडून आलेले सदस्य, लग्नातल्या पेढ्यांसारखे मांडलेले. 'हार्दिक हार्दिक अभिनंदन' असं दोनदा. आणि अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात, रावजीच्या दाढीच्या बरोबर खाली, चेंडू घेऊन धावणारी मोहिनी. पाटीएवढी.

मोहिनीचे वडील वाल्मीकभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांची आई भागुबाई बाजूला विळ्याने कांद्याची पात कापत होती. आतल्या दारात मोहिनीची सावली दिसत होती, उंबऱ्याच्या आत.

"बठ व माय," भागुबाई म्हणाली. "तिना बाप सकायपासीन जेवना नई."

मॅडमनी भाषण सुरू केलं. गणवेश, पोलीस, लांब पँट. वाल्मीकभाऊंनी हात वर केला.

"चड्डीचं मला काय सांगता? पोरगी बॉल खेळती हे मला पहिल्या वर्षापासून माहिती हाय. बीए मराठीला प्रॅक्टिकल! मी काय येडा हाय का? बारावी सायन्स नापास हाय मी. प्रॅक्टिकल काय असतं ते मला ठाऊक हाय!"

आतली सावली दचकली.

"मग भाऊ, अडलं कुठे?"

"अडलं कुठं? त्या रावज्याच्या दाढीखाली माझी पोर? चार मतांनी पाडलं मला त्याने. माझी माणसं म्हणायला लागली, वाल्मीक फुटला. पोरगी देऊन सेटलमेंट केली. सकाळपासून तीन जणं रामराम न घालता गेले. तो फ्लेक्स जोवर तिथं हाय, तोवर पोरगी घराबाहेर नाय. फायनल असो, नायतर ऑलिम्पिक असो." मग त्यांनी मॅडमकडे नीट पाहिलं. "फोटो दिला कोणी त्याला?"

गावात पॅनल असतात, पॅनलला माणसं असतात, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. फोटो पाठवताना डोक्यातच आलं नव्हतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"आते काय व माय!" भागुबाई म्हणाली आणि विळा थांबला.

मॅडम जवळजवळ पळतच स्टँडसमोरच्या रावजीच्या खतांच्या दुकानात गेल्या.

"या या या! नाशिकची शान!" रावजी भाषणातल्याच आवाजात बोलायचा, समोर एकच माणूस असला तरी. "चहा सांगू का कॉफी?"

"रावजीशेठ, फ्लेक्स उतरवा. हात जोडते. आत्ताच्या आत्ता."

"मॅडम, कसं हाय, फ्लेक्स चढवणं आपल्या हातात असतं, उतरवणं जनतेच्या हातात असतं." मग तो खुर्चीत मागे रेलला. "पण वाल्मीकभाऊंनी इथं यावं, माझ्यासोबत चहा घ्यावा, म्हणावं रावजीशेठ, तेवढा काढा. दोन मिनिटात काढतो. माझा काय इगो नाय."

मॅडम परत ओट्यावर. "भाऊ, एक कप चहा. फक्त एक कप."

"त्याच्यासंगं? त्यापेक्षा फवारणीचं औषध पितो."

परत दुकान. "रावजीशेठ, ते येणार नाहीत. तुम्हीच मोठे व्हा."

"मोठाच हाय मी. बघा ना वर."

परत ओटा. परत दुकान. उन्हं कलली. शाळेतून सुटलेली पोरं मॅडमच्या मागे मागे फिरायला लागली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पाचव्या फेरीला मॅडमच्या पायात गोळा आला. नाशिकची शेवटची गाडी लागायला थोडाच वेळ होता. पंचवीस वर्षं त्यांनी पोरींना शिकवलं होतं की वाट बंद असेल तर चेंडू दुसऱ्या बाजूला टाका. इथे दुसरी बाजूच नव्हती. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच, कोणासमोर तरी, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "उद्या ही आली नाही तर तो संघच संपला, भाऊ. कोर्ट खणतील. यापुढे कोणाच्याच पोरीला प्रॅक्टिकल नाही."

वाल्मीकभाऊंनी मान फिरवली. चेहरा पडला होता, पण मान काही परत वळली नाही. "मी काय करू मॅडम? मलाबी गावात राहायचंय."

मग भागुबाईने मॅडमच्या मांडीवर विळा ठेवला.

"हाऊ ईळा ली जाय," ती म्हणाली. "पन परत आनी दे."

मॅडमनी विळ्याकडे पाहिलं. मग म्हातारीकडे. म्हातारी पातीचा कचरा गोळा करायला लागली होती, जणू काही बोललीच नव्हती.

स्टँडवर चहाच्या टपरीचं बाकडं होतं. मॅडमनी ते फ्लेक्सखाली ओढलं आणि वर चढल्या. गुडघा कडकन वाजला. अख्ख्या स्टँडवर सगळ्यांचे मोबाईल वर गेले. रावजी दुकानातून पळत आला. "ओ मॅडम! ओ! फाडू नका! गावाची शान हाय ती!"

मॅडमनी अख्ख्या फ्लेक्सला हातसुद्धा लावला नाही. त्यांनी उजव्या कोपऱ्यात विळ्याचं टोक खुपसलं आणि मोहिनीभोवती चौकोन कापला. चर्र, चर्र, चर्र, चर्र. मोहिनी त्यांच्या हातात आली, चेंडूसकट. रावजी वर तसाच हात जोडून उभा. दाढीखाली एक चौकोनी भोक, त्यातून मागचा पेट्रोलपंपाचा बोर्ड दिसत होता.

"तुमचा फ्लेक्स तुम्हाला," मॅडम म्हणाल्या. "माझी पोर मला."

"तुमच्या अध्यक्षांचा नंबर हाय माझ्याकडं!"

"लावा."

त्यांनी तो तुकडा नेऊन वाल्मीकभाऊंच्या पुढ्यात ठेवला. भाऊंनी तुकड्याकडे पाहिलं, मग उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन फ्लेक्सकडे पाहिलं. परत आले तेव्हा ओठ दाबून धरले होते.

"भोक पाडलं?"

"पाडलं. आता ती कोणाच्याच दाढीखाली नाही."

"मोहिनी!" भाऊ आत बघून ओरडले. "बॅग घे. मॅडमची गाडी चुकंल."

भागुबाईला विळा परत मिळाला. गाडी सुटतच होती, पण कंडक्टरने दार उघडं धरलं. "चला चला, फ्लेक्सवाल्या मॅडम, व्हिडिओ आला तुमचा ग्रुपवर!"

सकाळी व्हिडिओ अध्यक्षांच्याही ग्रुपवर होता. प्राचार्य कोर्टाच्या फाटकावरच भेटले. त्यांनी नजर चुकवली.

"असं आहे, मॅडम. अध्यक्षांचा आदेश. आजपासून तुम्ही... किल्ल्या आणि शिट्टी द्या. बाकावर कॉमर्सचे ज्ञानेश सर बसतील."

"त्यांना बास्केटबॉल येतो?"

"ते बुद्धिबळ खेळायचे. असं आहे..."

मॅडमनी गळ्यातली दोरी काढून दिली. किल्ल्या आणि शिट्टी एकाच दोरीत होत्या. मग त्या फाटकाबाहेर गेल्या आणि जाळीच्या बाहेरून कोर्टाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रिकामा गळा सारखा चाचपत होत्या.

आत पाच पोरी उभ्या होत्या. पाच. पंचाने बोटाने मोजल्या, मान हलवली आणि चेंडू वर उडवला.

वॉकओव्हर टळला होता. एवढंच. बाकी सगळं वाईट चाललं होतं. पुण्याचा संघ उंच होता, बदली खेळाडूंनी बाक भरलेला होता. आपल्याकडे बाकावर फक्त ज्ञानेश सर, गुडघ्यावर हात ठेवून, पुढची चाल कोणाची याचा विचार करत. मध्यंतरापर्यंत एकीचे पाच फाउल झाले. मग दुसरीचे. उरल्या तीन. मॅडमनी जाळी धरली आणि घोगऱ्या आवाजात ओरडल्या, "मोहिनीऽ! डावीकडेऽ!" पंचाने वळून पाहिलं. बाहेरची बाई होती. बाहेरच्या बाईला ओरडायला बंदी नसते.

शेजारी पिकअप थांबली. मागे लाल कांद्याच्या गोण्या. वाल्मीकभाऊ उतरले आणि मॅडमच्या बाजूला जाळीला नाक लावून उभे राहिले.

"आपल्या तिघीच कशा काय?"

"संपवायला दोन पुरतात, भाऊ."

"आणि तुम्ही बाहेर का?"

मॅडमचा हात पुन्हा गळ्याकडे गेला. भाऊंनी त्यांच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि परत विचारलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडचं कोणीतरी, स्पीकर नसूनही सगळं ऐकू येत होतं: "वाल्मीकभाऊ, मार्केटला आले नाय? कुठं हाय तुम्ही?"

भाऊंनी जाळीतून आत पाहिलं. मोहिनी दोघींच्या मधून घुसून उडी मारत होती.

"पोरीचं प्रॅक्टिकल चालू हाय," ते म्हणाले. "नंतर करतो."