हेझलबाईंना बढती मिळावी म्हणून

हेझल ट्रेगीर या आमच्या नगरपरिषदेच्या आरोग्य निरीक्षक. त्या दुकानात शिरल्या की दुकानदार आधी हात धुवायचा आणि मग नमस्कार-चमत्कार करायचा. उंच, सडपातळ बाई. डोक्यावर कापडी टोपी, आणि इतरांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला अन्नाचं तापमान मोजायचा काटा. माझ्या बेकरीत आल्या की भट्टीतून नुकत्याच काढलेल्या, मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीच्या पोटात तो काटा खुपसायच्या आणि आकड्याकडे बघत राहायच्या. तेवढ्या वेळात मला माझी सगळी पापं आठवायची.

आमचं गाव जुन्या तांब्याच्या खाणींचं. खाणी कधीच बंद पडल्या. आता उन्हाळ्यात राज्याच्या राजधानीतली, अॅडलेडची माणसं समुद्राकडे जाताना पेस्टी घ्यायला थांबतात, एरवी आम्हीच एकमेकांचं विकत घेऊन खातो. अशा गावात निरीक्षक कशाला हवा, असं सर्वांचं मत होतं. हेझलबाईंचं नव्हतं. हात धुवायला नळ नाही म्हणून त्यांनी ऐन अंतिम सामन्याच्या दिवशी फुटबॉल क्लबची सॉसेजची शेगडी विझवली होती. चर्चच्या बायकांचे क्रीमचे केक उन्हात ठेवलेले दिसले, तर पाद्रीबाबांच्या देखत कचऱ्यात टाकायला लावले होते. त्यातला एक पाद्रीबाबांच्या वाढदिवसाचा होता.

सर्वांत जास्त चिडलेला होता डेन्झिल पेनरोज, आमच्या एकुलत्या एका हॉटेलाचा मालक. त्याच्या स्वयंपाकघरात एक लठ्ठ मांजर असे. त्यावरून झालेला संवाद गावाला पाठ आहे. डेन्झिल म्हणाला, "बाई, मांजर आहे म्हणून तर इथे उंदीर नाहीत."

"उंदीर नाहीत ना? मग मांजर कशाला?"



तर एका शरदात आमचे नगराध्यक्ष, कॉलिन रॉडा, हॉटेलात बिअर पिता पिता सहज म्हणाले की राज्य सरकारने नवा सन्मान काढलाय. गावोगावच्या उत्कृष्ट लोकसेवा करणाऱ्या अधिकाऱ्यांना द्यायचा. शिफारस नागरिकांनी करायची. कोणी ऐकत नव्हतं. उत्कृष्ट आणि लोकसेवा हे शब्द एकत्र आले की आमची माणसं खिडकीबाहेर बघतात. पण कॉलिन पुढे म्हणाले, जो निवडला जाईल त्याला बढती देऊन अॅडलेडच्या मुख्य कचेरीत बसवणार आहेत, इतरांना शिकवायला.

डेन्झिलचा ग्लास पुसणारा हात थांबला.

"कायमचं?" त्याने विचारलं.

"तसंच दिसतंय."

"आणि निरीक्षक चालतो का? म्हणजे आरोग्यवाला?"

कॉलिन म्हणाले, चालतो.

पुढच्या रविवारी जेवणं उरकल्यावर आम्ही डेन्झिलच्या जेवणघरात शिफारशी लिहायला बसलो. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं शिव्या घातल्या त्याचं कौतुक लिहिणं फार अवघड काम आहे. डेन्झिलने पेन्सिल चावून चावून निम्मी केली. "रोझ, तू सांग काहीतरी," तो मला म्हणाला. "शाळेत निबंध तुझेच वाचून दाखवायचे." मी सांगितलं, लिही की त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. हे त्याने दात खाऊन लिहिलं. चर्चच्या बायकांनी लिहिलं की बाईंच्या शिस्तीमुळे आमच्या हातच्या पदार्थांवर परगावचे लोकही डोळे मिटून विश्वास ठेवतात. फुटबॉल क्लबच्या क्लेमला लिहिण्याची सवय नाही, त्याने एकच ओळ लिहिली: बाई आल्यापासून आमच्या पोरांची पोटं बिघडली नाहीत. लिहून झाल्यावर तो बराच वेळ हसत होता. इतकी मोठी थाप आपल्याला सुचली याचंच त्याला नवल वाटत होतं.

खात्री करून घ्यायला राजधानीतून दोन साहेब आले. आम्ही त्यांना घेरूनच टाकलं. चहा, पेस्टी आणि हेझलबाईंचे गुण, तिन्ही गरम गरम वाढले. साहेबांनी कॉलिनला विचारलं की अधिकाऱ्यावर जनतेचं असं प्रेम क्वचित दिसतं, याचं रहस्य काय? कॉलिन वीस वर्षं राजकारणात आहेत. ते म्हणाले, "प्रेम उतू चाललंय साहेब. आम्हाला ते एकट्यांनीच ठेवून घेणं योग्य वाटत नाही."

सन्मान हेझलबाईंनाच मिळाला. त्या तपकिरी कोट घालून अॅडलेडला गेल्या, मंत्र्यांच्या हातून पितळी ढाल घेतली, पेपरात फोटो आला. फोटोत त्या हसत होत्या. हसताना त्यांना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे पेपरवाल्यांनी भलत्याच बाईचा फोटो छापला अशी पहिल्यांदा शंका आली.

गावाने सभागृहात मोठी मेजवानी ठेवली. नावाला सत्कार, पण सजावट सगळी निरोपाची होती. क्लेमने तर शेगडीसाठी नवे कोळसेसुद्धा आणून ठेवले होते. हेझलबाई आत आल्या तसं सगळं गाव उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या अगदी मनापासून होत्या, यात वाद नाही. कॉलिनने भाषण केलं की आमचं नुकसान तो राजधानीचा लाभ, आणि डोळ्यांना रुमाल लावला.

मग हेझलबाई बोलायला उठल्या. त्यांना भाषणाची सवय नाही. नोटीस वाचावी तशा सुरात बोलत होत्या. म्हणाल्या की साहेबांनी तुमची पत्रं मला वाचायला दिली, दोनदा वाचली. क्लेमची ओळ त्यांना पाठ होती, ती म्हणून दाखवली. क्लेमने मान खाली घातली. त्याच्या शेजारी त्याची बायको बसली होती. ती हळूच म्हणाली, "पण खरंच रे, नाही बिघडली."

"मला वाटायचं तुम्हाला माझा वैताग येतो," हेझलबाई म्हणाल्या. "म्हणून नाताळला निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. किनाऱ्यावर बहिणीकडे खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती." मग म्हणाल्या, "पत्रं वाचली आणि निवृत्तीचा अर्ज फाडला. मंत्रीसाहेबांना सांगितलं, राजधानीची खुर्ची मला नको. माणसं इतका जीव लावतात ते गाव सोडून मी कुठे जाऊ? त्यांनी इथल्याच नोकरीची मुदत वाढवून दिली. मदतीला एक सहायकही देतायत."

मग क्लेमच्या बायकोने टाळी वाजवली आणि सगळ्यांनाच वाजवावी लागली. डेन्झिल माझ्या शेजारी मयताला आल्यासारखा टाळ्या वाजवत होता.

"नाताळ," तो पुटपुटला. "नुसतं नाताळपर्यंत गप्प बसायचं होतं, रोझ."

पुढे काय झालं ते सांगते. पूर्वी हेझलबाई तपासणी उरकून लगेच निघून जायच्या. चहा विचारायची सोय नव्हती, ती लाच झाली असती. आता गावाचं आपल्यावर प्रेम आहे हे लेखी मिळालं होतं, तेव्हा त्या बसायला लागल्या. स्वतःच्या पैशाने चहा मागवायच्या, माझ्या काउंटरपाशी खुर्ची ओढायच्या आणि बहिणीच्या गोष्टी सांगायच्या. बसल्या की साहजिकच जास्त दिसायचं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं, फ्रीजचं सैल झालेलं रबर, सगळं गप्पांच्या ओघात सांगायच्या आणि उठताना नोटीस देऊन जायच्या. सहायक पोरगी त्यांच्याहून कडक निघाली. क्लेमचे कोळसे अजून तसेच पडून आहेत.

त्या हिवाळ्यात हेझलबाई तापाने आडव्या झाल्या. गाव सुटकेचा निःश्वास टाकेल असं मला वाटलं होतं. पहिले दोन दिवस टाकलाही. तिसऱ्या दिवशी डेन्झिल बेकरीत आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "बाईंना कोणी काही नेऊन देतंय का? घरात एकट्या असतात."

त्या आठवड्यात त्यांच्या दाराशी सूप घेऊन रांग लागली. हेझलबाई शाल गुंडाळून दार उघडायच्या, कधी केलं, कशात केलं, झाकून आणलं का, विचारायच्या. चर्चच्या बायकांचं ठेवून घेतलं, माझं ठेवून घेतलं. डेन्झिलच्या पातेल्याला हात लावून त्या म्हणाल्या, "कोमट आहे. असं कोणाला देऊ नये."

डेन्झिल पातेलं घेऊन हॉटेलात गेला, सूप खळखळून उकळवलं आणि टॉवेलात गुंडाळून परत त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहिला.